दोन गुरू, एक पोट

प्रश्न : ताई, मी 38 वर्षांची, वजन 62 किलो. चार हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत, नऊ आठवड्यांनी पहिली फुल आहे. माझ्या वेगाने पावणेपाच तास लागतील. माझे कोच सर सत्तरीचे आहेत. उमेदीत त्यांनी दोन तास चाळीस मिनिटांत मॅरेथॉन पळलेली आहे. ते म्हणतात, "पाणी, चिमूटभर मीठ, फार तर एक केळं. पाकिटं फोडत पळणं म्हणजे पळणं नव्हे." माझा भाचा ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) करतो. त्याचं म्हणणं, ताशी 90 ग्रॅम कर्बोदकं घेतली नाहीत तर तू भिंतीवर आदळणारच, म्हणजे मध्येच सगळी शक्ती संपणारच. सरांच्या पद्धतीने 30 किलोमीटर पळाले. पहाटे उठून उपाशीपोटी निघाले, सोबत फक्त मिठाचं पाणी. 26व्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले आणि काहीही कारण नसताना रडू कोसळलं. पुढच्या लाँग रनला भाच्याचं ऐकलं : सहा जेल (पाकिटातला गोड, घट्ट पाक) आणि स्पोर्ट्स ड्रिंकच्या दोन बाटल्या. 24व्या किलोमीटरला पोटात अशा कळा आल्या की झुडूप शोधावं लागलं. आता सर म्हणतात माझं मन कच्चं आहे, भाचा म्हणतो माझं पोट कच्चं आहे. सरांना दुखवायचंही नाही. काय करू?
— दोन गुरूंची विद्यार्थिनी

उत्तर : मन कच्चं असतं तर रडत रडत पुढचे चार किलोमीटर तुम्ही संपवले नसते. तेव्हा तो आरोप बाजूला ठेवू. पोट मात्र खरंच कच्चं आहे. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, ते पक्कं करता येतं आणि तुमच्या हातात त्यासाठी पुरेसे आठवडे आहेत.

आधी रडण्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही ते ओशाळून लिहिलंय असं वाटलं. शरीरात साखरेचे दोन साठे असतात, एक स्नायूंमध्ये आणि एक यकृतात. दोन्हीकडे ती ग्लायकोजेनच्या रूपात असते. स्नायूंमध्ये साधारण 400 ग्रॅम, पळणाऱ्यांत थोडी जास्त. यकृतात शंभरेक ग्रॅम. स्नायूतली साखर त्या त्या स्नायूची खासगी मालमत्ता. दंडातली शिल्लक पोटरीला उसनी मिळत नाही. रक्तात साखर सोडण्याचं काम यकृताचं, आणि त्या रक्तातल्या साखरेवर मेंदू चालतो, त्याला तासाला पाचेक ग्रॅम लागतात. तुम्ही रात्री जेवलात, झोपलात, पहाटे उपाशी निघालात. झोपेत मेंदूने यकृताचा साठा बराच खाल्लेला असतो. त्यावर तीन तास पळणं. 26व्या किलोमीटरला पाय शिशाचे झाले ते स्नायूंचं ग्लायकोजेन संपत आल्यामुळे. आणि रडू आलं ते बहुधा रक्तातली साखर घसरल्यामुळे. चिडचिड, घाबरं होणं, साधी बेरीज न जमणं, सगळे त्याच घराण्यातले. तुमच्या स्वभावाशी त्याचा संबंध नाही.

ही गोष्ट काल-परवा कळलेली नाही, आणि सरांना सांगताना हे उपयोगी पडेल. 1924 साली बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटाला काही डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. जे कोसळत, भेलकांडत, पांढरेफटक पडून पोहोचले होते त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली सापडली. पुढच्या वर्षी, 1925 ला, त्याच स्पर्धेत काही धावपटूंना आदल्या दिवशी भरपूर कर्बोदकं खायला सांगितली आणि वाटेत चघळायला साध्या गोळ्या दिल्या, मुलं खातात तशा. ते धडधाकट पोहोचले, रक्तातली साखरही जाग्यावर होती. म्हणजे वाटेत साखर खाण्याची कल्पना शंभर वर्षं जुनी आहे. जेलच्या पाकिटापेक्षा साठेक वर्षांनी मोठी, आणि सरांपेक्षाही वयाने थोर.

परंपरा म्हटली की आपण त्यातलं सोयीचं तेवढं उचलतो. मॅरेथॉनची खरी जुनी परंपरा बघायची तर 1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये बघा. उन्हाळा, धुळीचा रस्ता, आणि पाणी मिळण्याची जेमतेम दोन ठिकाणं, कारण पाण्यावाचून माणसाचं काय होतं हे आयोजकाला बघायचं होतं. 32 जण निघाले, 14 पोहोचले. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता, त्याला ते दिलं नाही. दिलं काय, तर स्ट्रिकनीन, म्हणजे उंदीर मारायचं विष, अंड्याच्या पांढऱ्या बलकात घालून. वर ब्रँडी. साधेपणा म्हणतात तो हा नव्हे. आणि 1972 ला म्युनिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा फ्रँक शॉर्टर वाटेत काय पीत होता? गॅस काढून टाकलेला कोला. साखर, पाणी, थोडं कॅफिन. आजच्या महागड्या बाटलीतलं जवळपास सगळं त्यात होतं, फक्त लेबल वेगळं.

तरीही सर खोटं बोलत नाहीत. ते पाण्यावर पळाले असतील आणि छान पळाले असतील. पण त्यांची मॅरेथॉन दोन तास चाळीस मिनिटांत संपली. तुमची तेव्हा निम्म्याच्या जरा पुढे असेल. त्या वेगाने पळणारा माणूस वर्षानुवर्षं आठवड्याला तुमच्या दुप्पट-तिप्पट अंतर कापत असतो. त्याच्या स्नायूंचा साठा मोठा झालेला असतो, चरबी जाळण्याची हातोटी आलेली असते, आणि शर्यतीआधी दोन दिवस तो ताटं रिकामी करत असतो. सरांना एकदा विचारा, "शर्यतीच्या आदल्या दोन दिवशी तुम्ही काय जेवायचात?" माझी पैज आहे, भाताचा डोंगर निघेल. वाटेत काही खायचं नाही हे ते आवर्जून सांगतात. निघायच्या आधी किती खाल्लं होतं हे सांगायचं राहून जातं, कारण ते त्यांना नुसतं जेवण वाटतं, तयारी वाटत नाही. केनियाच्या अव्वल धावपटूंच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हाही असंच दिसलं. काहीही झगमगाटी नाही, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भात, भाज्या, दूध आणि भरपूर साखर घातलेला चहा. पण हिशेब केला तर उष्मांकांतला तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांचा. साधं होतं, थोडं नव्हतं.

आता भाच्याकडे वळू. त्याचा 90 चा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही, पण तो तुमचा आकडा नाही.

आतड्याच्या भिंतीत साखरेसाठी दारं असतात. ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. ग्लुकोजच्या दारातून तासाला साधारण 60 ग्रॅमच आत जातात, मग तुम्ही 50 किलोच्या असा की 80 च्या. त्यापेक्षा जास्त ओतलं तर ते दाराबाहेर रांग लावून उभं राहतं, पाणी ओढून घेतं, आणि मग झुडूप शोधावं लागतं. दोन्ही साखरा मिसळून दिल्या तर दोन्ही दारं वापरली जातात, आणि 90 ग्रॅमपर्यंत मजल जाते. हे शोधून काढणाऱ्यांनी चांगलं काम केलंय. पण हे 90 अडीच-तीन तासांहून अधिक चालणाऱ्या आणि चांगल्या जोरात केलेल्या श्रमांसाठी, तेही सरावलेल्या पोटासाठी सांगितलेले आहेत. तुमचा भाचा बहुतेक हे सायकलवर बसून घेतो. सायकलवर पोट स्थिर असतं. धावताना ते प्रत्येक पावलाला उसळतं, त्यातून रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळलेलं असतं, पचनाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

तुम्ही काय घेतलंत त्याची बेरीज करू. एका जेलमध्ये 25 ग्रॅम धरले तर सहांचे 150. अर्धा-अर्धा लिटरच्या दोन बाटल्यांत मिळून 80 च्या आसपास. 230 ग्रॅम, आणि तुमच्या वेगाने 24 किलोमीटरला पावणेतीन तास. ताशी 84. ज्या पोटाला आठवड्यापूर्वी तीन तासांत शून्य ग्रॅम मिळत होते त्याला एकदम 84! शिवाय जेल पाण्यासोबत घ्यायचं असतं, तुम्ही ते गोड पेयासोबत घेतलंत. पाकावर पाक. एवढं घट्ट मिश्रण जठर पुढे सोडतच नाही. पोटाने बंड केलं ते बरोबरच केलं.

तर तुमचा आकडा : ताशी 40 ते 50 ग्रॅम. 60 च्या आत असल्यामुळे दोन साखरांच्या गुणोत्तराची वगैरे कशाचीच चिंता नको. साधी साखर तशीही निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज असते, दोन्ही दारं तिला उघडी आहेत. पावणेपाच तासांत एकूण 200 ग्रॅमच्या आसपास. मॅरेथॉनला तुमच्या वजनाला साधारण 2600 कॅलरी लागतील (किलोला किलोमीटरमागे एक, हा ढोबळ नियम), त्यातल्या 800 या वाटेतल्या खाण्यातून येतील. बाकीच्या कॅलरी शरीरातल्या साठ्यातून आणि चरबीतून. सगळी भरपाई करायची नाहीये, फक्त भिंत मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरच्या पलीकडे ढकलायची आहे.

हे 200 ग्रॅम कुठून आणायचे, हा तुमच्या दोन गुरूंमधला खरा वाद. आणि इथे शरीर अगदी बेपर्वा आहे. त्याला पाकीट दिसत नाही. 2012 च्या एका प्रयोगात धावपटूंना 80 मिनिटं पळवून लगेच पाच किलोमीटर जोरात पळायला लावलं. एकदा साधे मनुके दिले, एकदा खेळाडूंसाठीच्या चघळायच्या गोळ्या, एकदा नुसतं पाणी. मनुके आणि गोळ्या जवळजवळ बरोबरीत सुटले, दोघांनीही पाण्याला मिनिटभराने मागे टाकलं. 2019 मध्ये सायकलपटूंवर उकडलेल्या बटाट्याचा लगदा विरुद्ध जेल असा सामना झाला. वेळेत फरक नाही. बटाट्याने पोटाच्या तक्रारी मात्र जास्त झाल्या, कारण तेवढ्याच साखरेसाठी बटाटा कितीतरी जास्त पोटात जातो.

पाकिटाचा खरा फायदा तेवढाच आहे, आणि तो छोटा नाही. सरांचं केळं घ्या. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. म्हणजे 200 ग्रॅमसाठी आठ केळी. आठ केळी घेऊन पळणारी बाई डोळ्यासमोर आणून बघा. आणि आठ केळ्यांचा चोथा 35व्या किलोमीटरला पोटात. जेलमध्ये तेच खिशात मावतं, मोजलेलं असतं, चावावं लागत नाही. त्यात जादू काही नाही. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे बारीक तुकडे केलेला स्टार्च, फ्रुक्टोज, थोडं मीठ आणि बेरीज वेळेवर करता येण्याची सोय.

म्हणून मी दोन्ही वापरायला सांगीन, पण समेट म्हणून नव्हे. पहिल्या अर्ध्यात तुमच्या वेगाला चावणं सहज जमतं आणि पोट शांत असतं, तिथे खजूर. मोठ्या खजुरात अठरा ग्रॅमच्या आसपास साखर, छोटे असतील तर तीन मिळून तेवढी. (बिया घरीच काढा. मी एकदा काढल्या नव्हत्या. त्या मॅरेथॉनची आठवण म्हणून माझ्याकडे पदकाशिवाय एक टवका उडालेली दाढ आहे.) दुसऱ्या अर्ध्यात तोंड कोरडं पडतं, चावायचा कंटाळा येतो, हिशेब विसरायला होतो. तिथे जेल, दोन-चार घोट साध्या पाण्यासोबत. पहिला घास 35 मिनिटांनी, मग दर 25-27 मिनिटांनी एक हप्ता, एका हप्त्याला वीस-बावीस ग्रॅम. शेवटचा सव्वाचार तासांच्या सुमारास. एकूण नऊ हप्ते होतात. घड्याळात गजर लावा, भुकेची वाट बघू नका. थकलेल्या शरीराला भूक कळत नाही, आणि 30व्या किलोमीटरला खायला सुरुवात करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

जेल अजिबातच नको असेल तर एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर आणि पाव चमचा मीठ, हवं तर लिंबू. स्पोर्ट्स ड्रिंक म्हणतात ते हेच आहे, रंग सोडून. तासाला अर्धा लिटर प्यायलात तर 30 ग्रॅम आले, वरचे दहा-पंधरा खजुरातून.

आता सरांच्या चिमूटभर मिठाकडे आणि पाण्याकडे. इथे तुम्हाला सावध करायचंय, कारण यात चूक झाली तर ती झुडपावर भागत नाही.

एके काळी धावपटूंना पाणी पिऊ नका सांगत. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि तहान लागण्याआधी प्या, जमेल तेवढं प्या, असं सांगायला लागले. याने माणसं दगावली आहेत. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचं रक्त तपासलं तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम कमी भरलं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. त्यात कोण होते? शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामाहून जास्त प्यायलेले, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे. तुम्ही त्या दुसऱ्या गटात आहात. वेगवान माणसाला इतकं प्यायला वेळच नसतो. आपल्याला प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थांबायला सवड असते, आणि समोर पेला धरणाऱ्या पोराचं मन मोडवत नाही.

म्हणून तहानेप्रमाणे प्या. पुढच्या लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. किलो-दीड किलोने उतरलं तर ठीक. वाढलं तर तुम्ही जास्त पीत आहात. मीठ खाल्लं की कितीही प्यायला मोकळीक, हा समज चुकीचा आहे. मीठ घामातलं थोडं भरून काढतं, अति पाण्यापासून वाचवत नाही. अंगठी घट्ट होणं, पोट डचमळणं, डोकं दुखणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर पिणं बंद करा आणि वैद्यकीय मदतीकडे जा. आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी शर्यतीच्या दिवशी घेऊ नका, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना दाखवून मगच.

आता पोटाची तालीम. दम आणि पाय जसे सरावाने तयार होतात तसंच आतडंही होतं. रोज साखर येतेय म्हटल्यावर ते दारं वाढवतं. दोन आठवड्यांच्या सरावानेही तक्रारी कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलंय. तुमच्याकडे टेपर (शर्यतीआधी पळणं कमी करायचा काळ) सोडून सहा आठवडे आहेत. पहिल्या लाँग रनला ताशी 30 ग्रॅम. पोट गप्प राहिलं तर पुढच्या वेळी 40, मग 45-50. तक्रार केली तर एक पायरी खाली, आणखी एक आठवडा तिथेच. मधल्या एखाद्या छोट्या रनला मुद्दाम नाश्ता करून निघा, पोट भरलेलं असताना पळायची सवय होऊ दे. शेवटच्या दोन लाँग रन अगदी शर्यतीसारख्या : तोच नाश्ता, तोच खजूर, त्याच कंपनीचं त्याच चवीचं जेल, ते ठेवायचा तोच कमरेचा पट्टा. आयोजक वाटेत काय देणार हे आधी विचारून घ्या. तेच पेय आवडलं तर त्याचाच सराव करा, नाहीतर तिथे फक्त पाणी उचला.

उपाशीपोटी लाँग रन बंद करा. सकाळी छोटं, सावकाश पळायचं असेल तर उपाशी चालेल, त्याला काही लोक मुद्दाम महत्त्व देतात, देऊ दे. पण 25-30 किलोमीटर नाही. शर्यतीच्या सकाळी निघण्याआधी अडीच-तीन तास 100-120 ग्रॅम कर्बोदकं पोटात हवीत. भात किंवा पांढरा ब्रेड आणि मध, सोबत केळं. तूप-लोणी-चोथा त्या दिवशी कमी. सरांचं केळं इथे अगदी योग्य जागी बसतं.

शर्यतीच्या आधीचे दोन दिवस किलोमागे 8 ग्रॅम, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला 500 ग्रॅम कर्बोदकं. हे वाचायला सोपं आणि खायला कंटाळवाणं आहे. 1960 च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले आणि साठा असा फुगवता येतो हे दाखवलं. तेव्हाच्या पद्धतीत आधी तीन दिवस कर्बोदकं जवळजवळ बंद करून मग तीन दिवस भरायची. ब्रिटनच्या रॉन हिलने 1969 मध्ये अथेन्सला युरोपीय विजेतेपद मिळवलं ते असंच करून. त्या आधीच्या तीन कोरड्या दिवसांची गरज नाही हे नंतर कळलं, म्हणून घरच्यांशी तेवढी भांडणं वाचली. वजन किलोभर वाढेल, कारण ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. काट्याकडे बघून घाबरून जेवण कमी करू नका.

कॅफिनबद्दल भाच्याला उत्साह असेल. चहा-कॉफीची सवय असेल तर सकाळचा नेहमीचा कप पुरे. ते पायांना मदत करतं तशी आतड्यांनाही घाई करतं, आणि तुमचं झुडूप अजून ताजं आहे.

हे सगळं करूनही 37व्या किलोमीटरला पोटाने नकार दिला तर? गोड पेय तोंडात घ्या, पाच-दहा सेकंद खळखळवा आणि थुंका. तासाभराच्या प्रयोगांत नुसत्या चुळांनीही सायकलपटूंचा वेग थोडा वाढलेला दिसला. तोंडातल्या साखरेची बातमी मेंदूला पोहोचते आणि तो लगाम थोडा सैल सोडतो. साठा त्याने भरत नाही, पण पाच किलोमीटर काढायला आधार होतो. मळमळ थांबली की पुन्हा छोटे घोट.

राहता राहिले सर. त्यांच्याशी पोषणावर वाद घालू नका. दोन तास चाळीस मिनिटं पळालेल्या माणसाला पावणेपाच तासवालीने शास्त्र शिकवलेलं कुणाला आवडेल? त्यांना त्यांच्या आदल्या दोन दिवसांच्या जेवणाबद्दल विचारा, लिहून घ्या, आणि खरंच तसं जेवा. वेग, टेकड्या, शेवटच्या दहा किलोमीटरला मान खाली न घालणं, हे त्यांच्याकडून शिका. ते भाच्याला येत नाही. भाच्याला हिशेबाचं काम द्या : नऊ हप्ते, कोणता कितव्या मिनिटाला, तक्ता करून प्लास्टिकमध्ये घालून दे म्हणावं. त्याला ते आवडेल.

आणि स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर सरांना 36व्या किलोमीटरच्या आसपास उभं राहायला सांगा, हातात 200 मिलिलीटर कोला घेऊन. त्यात वीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे तुमचा एक अख्खा हप्ता. म्युनिकच्या सुवर्णपदकवाल्याचं पेय आहे म्हटल्यावर ते नाही म्हणणार नाहीत. मात्र त्याआधी एका लाँग रनला ते पिऊन बघा, आणि सरांना बजावून ठेवा की बाटलीचं झाकण आदल्या रात्रीच उघडून ठेवायचं. गॅस राहिला तर उरलेले सहा किलोमीटर ढेकर देत पळावं लागेल.